जाहक पाळावा काय?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. जाहक हा शब्द कांहीं आपल्या रोजच्या बोलण्यांतला नव्हे. इंग्रजींत ज्यास हेजहॉग म्हणतात, तो ओंजळींत मावेल एवढा, पाठीवर आंखूड कांट्यांचें दाट आवरण असलेला, आणि भय वाटतांच अंगाचा चेंडू करून पडून राहणारा प्राणी म्हणजे जाहक. चित्रांच्या पुस्तकांतून आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून तो आपल्या मुलांच्या ओळखीचा झाला आहे, आणि असा एखादा जाहक घरीं पाळावा अशी हौस शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत उत्पन्न होऊं लागली आहे. ही हौस योग्य कीं अयोग्य, याचा निवाडा केवळ आवडीनिवडीवर सोडून देणें बरें नव्हे. मनुष्यानें या प्राण्याशीं, आणि त्याच्यासारख्या इतर रानटी प्राण्यांशीं, आजवर कसें वर्तन केलें याचा इतिहास पाहिला, म्हणजे उत्तर बऱ्याच अंशीं आपोआप हातीं येतें. तो इतिहास थोडक्यांत आपणांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

आरंभ आपल्या जवळच्याच एका गांवापासून करूं. ठाण्याहून घोडबंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, चेणे नांवाचें गांव आहे. एका अंगास वसईची खाडी, दुसऱ्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि त्या डोंगरांतून उतरून खाडीस मिळणारी नदी, अशी या गांवाची मांडणी आहे. पलीकडच्या घोडबंदरास तें नांव घोड्यांच्या व्यापारावरून पडलें, असें सांगतात. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील तेथील किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला. तात्पर्य, परमुलखांतून जनावर आणून या किनाऱ्यावर उतरविणें ही गोष्ट येथें नवी नाहीं. भेद आहे तो हा, कीं घोडा हा हजारों वर्षें मनुष्याच्या सहवासांत वाढलेला प्राणी होता. आज दूरदेशांहून जे प्राणी हौसेखातर येऊं लागले आहेत, ते तसे नाहींत. आणि ज्या रस्त्यावर एकेकाळीं भातखाचरें व वाड्या होत्या, त्याच घोडबंदर रस्त्यावर आतां उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. एका खिडकींतून रान दिसतें आणि त्याच घरांत परदेशी प्राण्याचा पिंजरा असूं शकतो, अशी ही जागा आहे. म्हणून आपल्या प्रश्नाचा विचार करण्यास चेण्यासारखें दुसरें गांव मिळणें कठीण.

येथें आधींच एक गोंधळ दूर केला पाहिजे. या डोंगरांत कधीं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, वीतभर लांबीचे कांटे पडलेले सांपडतात. ते जाहकाचे नव्हेत, साळिंदराचे होत. साळिंदर, साळू, सायाळ हीं एकाच प्राण्याचीं नांवें. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३१ सालीं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत या सायाळाची नोंद आहे. साळिंदर हा उंदीर-घुशींच्या वर्गांतला, कुरतडून खाणारा, दहा-पंधरा किलो वजनाचा प्राणी होय. कंद, मुळें, साली हें त्याचें अन्न. संकट आलें म्हणजे तो पाठ फिरवून मागें चाल करतो, आणि त्याचे सुटे होणारे कांटे शत्रूच्या अंगांत रुततात. तो बाणासारखे कांटे फेंकून मारतो ही समजूत मात्र खोटी आहे.

जाहक याच्या अगदीं उलट. त्याचें वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आंतच असतें. त्याचे कांटे बोटाच्या पेराएवढे, आणि ते असे सहज सुटत नाहींत. जातीनें तो उंदराचा कोणी नव्हे, तर आपल्या घरांतील चिचुंद्रीचा भाऊबंद आहे. किडे, भुंगेरे, गांडुळें, प्रसंगीं लहानसा साप किंवा जमिनीवर घातलेलीं अंडीं, असा त्याचा आहार. आपल्या धर्मशास्त्रांत पांच नखांच्या ज्या प्राण्यांचें मांस भक्ष्य म्हणून सांगितलें आहे, त्यांत श्वाविध आणि शल्यक अशीं दोन नांवें शेजारीं शेजारीं येतात. श्वाविध म्हणजे साळिंदर हें बहुतेकांस मान्य आहे. परंतु शल्यक म्हणजे साळिंदराचाच भाऊ, कीं जाहक, कीं खवले मांजर, याविषयीं कोशकारांत एकमत नाहीं. ज्या प्राण्याचें नांवच लोकांच्या जिभेवर स्थिर झालें नाहीं, तो त्या लोकांच्या अंगणांत कधीं नांदला नसावा, असें अनुमान यावरून करण्यास हरकत नाहीं.

वस्तुस्थितीहि तशीच आहे. भारतांत जाहकाच्या तीन जाती प्रसिद्ध आहेत. लांब कानांचा आणि फिकट रंगाचा अशा दोन जाती राजस्थान-गुजरातेकडील कोरड्या, रेताड प्रदेशांत राहतात. हिंदी भाषिक लोक जाहकास झाऊ चूहा म्हणतात. तिसरी जात दक्षिणेंत, मुख्यतः तामिळनाडु व आंध्र यांच्या रुक्ष माळांवर आढळते. तमिळ भाषेंत तिच्या नांवाचा अर्थ ‘कांट्यांचा उंदीर’ असाच होतो. कोंकणच्या मुसळधार पावसांत भिजणाऱ्या रानांत या प्राण्याचें घर नाहीं. म्हणून चेण्यांतील एखाद्या मुलास जाहक हवा असेल, तर त्यास दोनच वाटा उरतात. एक, वाळवंटांतून किंवा माळावरून कोणीतरी धरून आणलेला रानटी जाहक. दुसरी, आफ्रिकेंतल्या जातीचा, पिंजऱ्यांत वाढविलेला जाहक. या दोन्ही वाटा कोठें जातात हें पुढें पाहूं. तत्पूर्वीं इतर देशांतील लोकांनीं या प्राण्याचें काय केलें तें पाहिलें पाहिजे.

प्राचीन रोममध्यें जाहकाची किंमत त्याच्या कातड्यावरून ठरत असे. कांट्यांसहित वाळविलेलें कातडें लोंकरीचें कापड विंचरण्यास उपयोगीं पडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील प्लिनी या ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे कीं, या कातड्यांच्या व्यापारांत मक्ता आणि लबाडी इतकी माजली होती, कीं रोमच्या सीनेटास या विषयावर जितके वेळां ठराव करावे लागले, तितके दुसऱ्या कोणत्याहि विषयावर करावे लागले नाहींत. साम्राज्याच्या सीनेटानें एका मूठभर प्राण्याच्या कातड्यासाठीं एवढी डोकेंफोड करावी, ही गोष्ट ऐकण्यास मौजेची आहे. परंतु त्या ठरावांत जाहकाच्या जिवाविषयीं एक अक्षर असेल, असें वाटत नाहीं.

इंग्लंडांत त्याच्या वाट्यास याहून वाईट दिवस आले. जाहक रात्रीं निजलेल्या गाईच्या आंचळांतून दूध पितो, अशी तेथील शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. आपल्याकडे धामणीविषयीं जी समजूत आहे, तिचीच ही बहीण. वस्तुतः गाईच्या ऊबेस जमणारे किडे खाण्यास तो तेथें जात असावा. परंतु समजुतीस पुरावा लागत नाहीं. १५६६ च्या कायद्यानें शेतीस उपद्रव देणाऱ्या प्राण्यांच्या यादींत त्याचें नांव घातलें गेलें, आणि प्रत्येक मारलेल्या जाहकामागें दोन पेन्स इनाम ठरलें. पुढें पिढ्यान् पिढ्या गांवोगांवच्या चर्चच्या हिशेबवह्यांत हें इनाम दिल्याच्या नोंदी होत राहिल्या. ज्या प्राण्यानें शेतांतील कीड खाऊन शेतकऱ्यावर उपकार केले, त्याच्याच मुंडक्यावर शेतकऱ्यानें मोल लावलें.

एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या घरांतून जाहकास प्रवेश मिळाला. परंतु तो लाडका म्हणून नव्हे, तर नोकर म्हणून. स्वयंपाकघरांत झुरळांचा सुळसुळाट फार. तीं खाण्यासाठीं लोक बाजारांतून जाहक विकत आणून तळघरांत सोडीत. त्याच्या ऊबेची, पाण्याची, इतर खाण्याची काळजी कोणी घ्यावी असा विचार फारसा कोणाच्या मनांत नव्हता. झुरळें आहेत म्हणजे त्याचें पोट भरतें आहे, एवढाच हिशेब. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं वारें पालटलें. बिअॅट्रिक्स पॉटर या लेखिकेनें १९०५ सालीं एका धोबीण जाहकिणीची गोष्ट लिहिली. त्या बाईंनीं स्वतः एक जाहक पाळलेला होता. त्या गोष्टीनें इंग्रज मुलांच्या मनांत या प्राण्यास घर मिळवून दिलें. आज तेथें जखमी जाहकांसाठीं इस्पितळें आहेत, आणि १९८१ च्या कायद्यानें त्यास पकडण्या-मारण्यावर निर्बंध आहेत. तथापि प्रेम मिळालें म्हणून प्राण्याची स्थिति सुधारलीच असें नाहीं. कुंपणाच्या झुडपी तुटल्या, मोटारींखालीं हजारों मेले, कीटकनाशकांनीं अन्न नाहींसें झालें. आणि २०२४ सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघटनेनें पश्चिम युरोपांतील जाहकास धोक्याच्या उंबरठ्यावरील प्राण्यांत गणलें.

श्रोतेहो, द्वेषानें केलेलें नुकसान लवकर दिसतें. प्रेमानें केलेलें उशिरां दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जे इंग्रज न्यूझीलंडांत वसाहतीस गेले, त्यांनीं मायदेशाची आठवण म्हणून आणि बागेंतील कीड खाण्यास उपयोगी म्हणून जाहक बरोबर नेले. त्या बेटांतील पक्षी युगानुयुगें असल्या शत्रूवांचून वाढलेले. त्यांतील कित्येक जमिनीवर अंडीं घालणारे. जाहकांनीं तीं अंडीं, तेथील सरडे आणि दुर्मिळ किडे यांचा फन्ना उडविला. आज त्या देशांत त्याच प्राण्यास धरण्यासाठीं सापळे लावावे लागतात. स्कॉटलंडच्या साउथ यूस्ट बेटावर हाच प्रकार याहून थोड्या काळांत घडला. १९७४ सालीं बागेंतील गोगलगाई खाव्या म्हणून तेथें मोजके जाहक सोडण्यांत आले. तीस वर्षांच्या आंत त्यांचे कांहीं हजार झाले, आणि किनाऱ्यावरील पक्ष्यांचीं घरटीं ओस पडूं लागलीं. २००३ सालीं त्यांस मारण्याची मोहीम सुरू करावी लागली. लोकांनीं ओरड केल्यावर २००७ पासून त्यांस धरून मुख्य भूमीवर नेऊन सोडण्याचा उपाय स्वीकारण्यांत आला. चार गोगलगाईंचा उपद्रव वांचविण्यास गेलेल्यानें पुढील पिढीवर केवढा भार टाकला, हें यांत स्पष्ट दिसतें.

हें दूरदेशचें उदाहरण म्हणून आपण हात झाडून मोकळे होऊं नये. आपल्या कलकत्त्याहून १८७२ सालीं नऊ मुंगसें जमेका बेटावर नेण्यांत आलीं. उंसाच्या मळ्यांतील उंदीर त्यांनीं मारावे, असा मळेवाल्याचा हेतु होता. मुंगसांनीं उंदीर मारलेहि. परंतु त्याबरोबर तेथील पक्षी, सरडे आणि साप यांचाहि संहार केला. मुंगूस आपल्या देशांत ज्या मर्यादेंत राहतें ती मर्यादा येथील भूमीनें, येथील शत्रूंनीं आणि येथील भक्ष्यानें मिळून घातलेली आहे. ती मर्यादा पेटींत घालून बोटीवर चढवितां येत नाहीं.

आतां आपल्याच इतिहासाकडे वळूं. कारण मुंगसाचें नांव निघाल्यावर पंचतंत्रांतील ब्राह्मणीची गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. लेंकराप्रमाणें वाढविलेल्या मुंगसाचें रक्तानें माखलेलें तोंड पाहून त्यानें मूल मारलें असें तिनें समजावें, आणि ज्यानें सापास मारून मूल वांचविलें त्याच मुंगसाचा तिनें जीव घ्यावा, ही कथा आपण मुलांस उतावळेपणाचा दोष दाखविण्यासाठीं सांगतों. तींत दुसरेंहि एक सत्य आहे. घरांत ठेवलेल्या प्राण्याचा स्वभाव जो जाणत नाहीं, त्याच्या हातून त्या प्राण्यावर अन्याय होतो. मग तो त्यास कितीहि लाडका असो.

राजेरजवाड्यांनीं प्राणी बाळगले त्यांची कथा निराळी. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं होता. १७९२ च्या सुमारास तो पाहणाऱ्या इंग्रजांनीं तेथील सिंहाचें व गेंड्याचें वर्णन केलें आहे. माणसाळविलेले काळवीट वाद्यांच्या नादाबरोबर कसे स्वस्थ उभे राहत, याचेंहि वर्णन त्या काळच्या एका इंग्रज वकिलाच्या लेखणींतून उतरलें आहे. त्या प्राण्यांच्या दिमतीस नोकरचाकर, वैरण, मांस, मोकळी जागा हें सर्व सरकारांतून होतें. असें असूनहि तो शिकारखाना होता, घर नव्हे; त्यांतील सिंह पेशव्यांच्या पदरीं असला तरी पाळीव झाला नव्हता.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण चित्त्याचें. शिकारीसाठीं चित्ता धरून शिकविण्याची विद्या आपल्या देशांत पुष्कळ जुनी. जहांगीर बादशहानें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, त्याच्या पित्यानें, म्हणजे अकबरानें, हजार चित्ते जमविले आणि त्यांस प्रजा व्हावी अशी फार इच्छा धरली. पण ती सफल झाली नाहीं. जहांगीराच्या कारकीर्दींत एकदां चित्त्याच्या मादीस पिलें झालीं, तेव्हां तें आश्चर्य म्हणून नोंदलें गेलें. चित्ता मनुष्याच्या हातून खाई, त्याच्या गाड्यावर बसे, त्याच्या आज्ञेनें हरणावर धांवे. परंतु बंदींत त्याची वंशवेल वाढेना. म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानांतूनच आणावा लागे, आणि प्रत्येक वेळीं रान तेवढें रितें होई. पुढें रानेंहि तुटलीं, बंदुकाहि वाढल्या. आपल्या कोल्हापूर दरबारांत चित्त्यांच्या शिकारीचा मोठा षोक होता. शेवटीं त्या चित्त्यांसाठीं आफ्रिकेकडे पाहण्याची वेळ आली. १९५२ सालीं चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. २०२२ सालीं मध्य प्रदेशांतील कुनो येथें नामिबियाहून चित्ते आणून सोडले, तो आपल्या पूर्वजांच्या हौसेच्या ऋणाचा एक हप्ता म्हटला पाहिजे.

यावरून पाळणें या शब्दाचा खरा अर्थ ध्यानांत येईल. मराठींत आपण वचन पाळतों, धर्म पाळतों, आणि जनावरहि पाळतों. तिन्ही ठिकाणीं अर्थ एकच. आपण होऊन पत्करलेलें बंधन शेवटपर्यंत निभावणें. जो प्राणी पिढ्यान् पिढ्या मनुष्याच्या आश्रयानें वाढला आणि ज्याचा स्वभाव त्या आश्रयास अनुरूप झाला, तो पाळीव. ज्यास केवळ धरून ठेवलें, तो बंदिवान. आपल्याकडील पोपटाचेंच पाहा. विठ्ठलाचें नांव घेणारा पोपट ही मराठी घराची शोभा, असें आपले वाडवडील मानीत. त्यांच्या मनांत पाप नव्हतें. परंतु बाजारांतील एका पोपटामागें ढोलींतून काढलेलीं किती पिलें वाटेंत मरत, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. आपणांस आतां तें कळलें आहे. १९५१ सालीं मुंबई राज्यानें वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७२ सालीं सर्व देशासाठीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि १९९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारास बंदी आली. आज पोपट, मुंगूस, साळिंदर आणि आपल्या देशांतील जाहक या सर्वांस कायद्याचें संरक्षण आहे. त्यांस धरणें, विकणें अथवा घरीं कोंडून ठेवणें हा गुन्हा आहे. म्हणजे मघांशीं सांगितलेल्या दोन वाटांपैकीं पहिली वाट येथेंच बंद झाली, आणि ती बंद झाली हें योग्यच झालें.

दुसरी वाट आफ्रिकेंतल्या जाहकाची. मध्य आणि पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत राहणारा हा लहान जाहक १९८० नंतरच्या काळांत हजारोंच्या संख्येनें अमेरिकेंत नेला गेला. जनावरांच्या लाळ-खुरकूत रोगाच्या भीतीनें १९९१ च्या सुमारास तेथील सरकारनें ही आयात थांबविली. त्यानंतर तेथें जे वाढले ते पूर्वीं आलेल्यांचेच वंशज. म्हणजे गाय-कुत्र्यांच्या सहस्रावधि वर्षांपुढें या प्राण्याच्या माणसाळण्याचें वय पन्नास वर्षेंहि भरत नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांत तो पाळण्यास अद्यापि बंदी आहे. आपल्याकडे अशा परदेशी प्राण्यांचा व्यापार पुष्कळदां चोरवाटेनें चालतो. अलीकडच्या वर्षांत मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानांत दडविलेले नाना जातींचे परदेशी प्राणी वारंवार पकडले गेले, आणि त्यांतील कित्येक सामान उघडण्यापूर्वींच मेलेले होते. म्हणून जो प्राणी कोठून आला, कोणत्या कागदपत्रांनिशीं आला, हें विकणारा सांगूं शकत नाहीं, तो प्राणी घेणें म्हणजे त्या व्यापारास भांडवल पुरविणें होय.

आतां कोणी म्हणेल, आमच्या घरीं जाहक येऊन चुकला आहे. मग काय करावें? त्यास उत्तर एवढेंच, कीं आतां पाळणें या शब्दाचा पुरता अर्थ स्वीकारावा. हा निशाचर प्राणी आहे. दिवसां मुलांनीं त्यास उठवून खेळविणें म्हणजे मध्यरात्रीं आपणांस उठविण्यासारखें आहे. तो एकलकोंडा आहे. सोबतीस दुसरा आणल्यास बहुधा भांडणें होतात. रानांत तो एका रात्रींत दूरवर भटकतो. तेव्हां अरुंद पिंजऱ्यांत तो सुस्त आणि लठ्ठ होतो. त्यास फिरण्यास मोकळी जागा आणि धांवण्यास सलग पृष्ठभागाचें चाक लागतें. गजांच्या चाकांत पाय अडकून मोडतात. चोवीस ते एकोणतीस अंश सेल्सिअस ही त्यास मानवणारी ऊब. आपल्या वातानुकूलित खोलींतील गारवा त्यास घातक आहे, कारण थंडीनें तो गुंगींत जातो आणि त्या गुंगींतून या जातीचा जाहक पुष्कळदां उठत नाहीं. उन्हाळ्यांतील तापलेली गच्चीहि तितकीच घातक. त्यास दूध देऊं नये. तें त्यास पचत नाहीं व जुलाब होऊन प्राणावर बेततें. किडे आणि कमी चरबीचें मांसाहारी अन्न हा त्याचा आहार. जें घर सकाळीं नैवेद्य दाखवून मगच जेवतें, त्या घरानें रोज जिवंत किडे हाताळण्याची आपली तयारी आहे काय, हें आधींच स्वतःस विचारावें.

शिवाय रोगांचा विचार आहे. जाहकाच्या अंगावरून साल्मोनेला नांवाचे जंतु मनुष्यास लागतात. अमेरिकेंत त्यामुळें सांथी झाल्याचें नोंदलेलें आहे. म्हणून त्यास हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, स्वयंपाकघरांत त्यास आणूं नये, आणि पांच वर्षांच्या आंतील मुलांच्या हातीं तर देऊंच नये. बंदींतील जाहकांत मज्जासंस्थेचा एक असाध्य रोग आढळतो. प्रथम पाय लटपटतात आणि कांहीं महिन्यांत सर्व अंग लुळें पडतें. असल्या प्राण्यावर उपचार जाणणारा पशुवैद्य गांवोगांवीं मिळत नाहीं. आयुष्य चार ते सहा वर्षांचें. आणि मुलाची हौस बहुधा सहा महिन्यांची. उरलेल्या वर्षांचा भार घरांतील वडील माणसांवर, बहुतेक वेळां आईवर, येऊन पडतो. जनावर आणण्यापूर्वीं घरांत सर्वांनीं मिळून याच हिशेबाचा विचार केला पाहिजे.

आणि आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कंटाळा आला, परवडेना, घर बदललें, म्हणून त्या प्राण्यास रानांत सोडून देणें हा दयेचा मार्ग नव्हे. चेण्याच्या रस्त्यावरून रान हांकेच्या अंतरावर आहे. रात्रीं मोटार थांबवून पिंजऱ्याचें दार उघडण्यास दोन मिनिटें पुरतात. परंतु त्या दोन मिनिटांचा परिणाम दोनच प्रकारचा असूं शकतो. एक तर ऊबेंत वाढलेला तो जीव पहिल्याच पावसाळ्यांत मरतो. नाहीं तर तो जगतो, आणि मग यूस्ट बेटावरचा अध्याय आपल्या दारांत सुरू होण्याचा धोका उभा राहतो. ही भीति काल्पनिक म्हणतां येणार नाहीं. लाल कानपट्टीचीं अमेरिकन कासवें लोकांनीं रुपयाएवढीं असतांना हौसेनें घेतलीं आणि ताटाएवढीं झाल्यावर आपल्या शहरांतील तळ्यांत सोडून दिलीं. तीं आतां देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगत आहेत. मुंबई-ठाण्याच्या मध्यें शंभर चौरस किलोमीटरांहून मोठें असें हें एकच रान उरलें आहे. बिबट्या, सांबर, साळिंदर आणि असंख्य लहान जीव यांचा तो शेवटचा आसरा. त्यांत आपल्या हौसेचा केर टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

जाहकास ठेवणें अशक्यच झालें, तर त्याची जोखीम जाणणाऱ्या पशुवैद्याचा किंवा प्राण्यांच्या आश्रयगृहाचा सल्ला घ्यावा. रानांतला एखादा प्राणी जखमी होऊन अंगणांत आला, तर त्यास घरांत नेऊन पाळण्याचा मोह आवरावा, आणि वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनि क्रमांकावर कळवावें. जडभरताची कथा आपण जाणतांच. मृगाच्या पाडसावरील करुणेंत दोष नव्हता, पण त्या करुणेंत तो राजर्षि असा गुंतला कीं त्याचें भान सुटलें. करुणेस विवेकाची जोड हवी.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर देतों. रानांतला जाहक मुळींच पाळूं नये. परदेशी जाहक हौसेनें आणूं नये. जो आलाच असेल, त्यास मरेपर्यंत सांभाळावें, आणि त्याच्यानंतर दुसरा आणूं नये. मुलांस कांटेरी प्राण्याचें नवल वाटत असेल, तर एखाद्या सुटीच्या सकाळीं रीतसर परवानगी काढून, जाणत्या माणसाबरोबर त्यांस राष्ट्रीय उद्यानांत न्यावें. नशिबानें पायवाटेवर साळिंदराचा एखादा कांटा दिसेल. तो त्यांस जवळून पाहूं द्यावा, त्यावरील काळे-पांढरे पट्टे मोजूं द्यावे, कोणत्या बिळांत तो प्राणी निजला असेल याचा तर्क करूं द्यावा. आणि मग तो कांटा जेथें होता तेथेंच ठेवून घरीं परत यावें. रोमच्या सीनेटानें, इंग्रज शेतकऱ्यानें आणि आपल्या राजेरजवाड्यांनीं जो धडा घेतला नाहीं, तो आपल्या मुलांस एका सकाळींत घेतां येईल.